विम्याचं कार्ड आणि बाईची पिशवी

(ऊसतोड मजूर स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बीड येथील बैठकीतील भाषण)



दसरा जवळ आला की आपल्या गावांतून मुकादम फिरू लागतो, उचल घेऊन. अलीकडे त्याच्या मागोमाग विम्याचा एजंटही येतो. मग बचतगटाच्या बैठकीत बाया विचारतात, "ताई, घराचा दवाखान्याचा विमा काढावा का? काढला तर कोणता?" दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर हप्ता आणि रक्कम यांचा हिशेब मांडून देता आलं असतं. बीडमध्ये तेवढ्यानं भागत नाही.

जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

हे कसं घडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. पट्टा पडल्यावर गावी येऊन दवाखाना गाठते, तर तिथं कुणी तिला कॅन्सरची भीती घालतो. दोन मुलं झालेली आहेत, आता पिशवीचं काय काम, असं घरचेही म्हणतात. ऑपरेशनला पैसे नसतात. ते पुढच्या हंगामाच्या उचलीतून येतात, आणि ओले टाके घेऊन बाई पुन्हा मोळ्या वाहते.

आता यात विमा कुठं बसतो ते पाहा. तिचं मूळ दुखणं बहुतेक वेळा तपासणी आणि गोळ्यांनी बरं होणारं असतं. पण आपल्याकडचा विमा, सरकारी असो की खासगी, मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरच कामी येतो. बाहेरच्या बाहेर दाखवलं, रक्त-लघवी तपासली, आठवड्याच्या गोळ्या घेतल्या, तर तो खर्च आपला. पिशवी काढली तर तो कार्डावर. मग ज्या दवाखान्याला पैसाच कमवायचा आहे, तो काय सल्ला देईल?

ही माझी कल्पना नव्हे. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. गरीब कुटुंबातल्या पाच जणांना मिळून वर्षाला ३० हजार रुपये, तेही दाखल झालं तरच. २०१२ पर्यंत छत्तीसगड आणि बिहारमधून बातम्या येऊ लागल्या की, या कार्डांवर पैसे उकळण्यासाठी खासगी दवाखाने बायकांच्या पिशव्या काढताहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल लागायला ५ एप्रिल २०२३ उजाडला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असं न्यायालयानं सांगितलं.

म्हणून विमाच नको, असं मी म्हणत नाही. अपघात होतो, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढताना बाई पडते, नवऱ्याला हृदयविकार होतो. तेव्हा कार्ड नसेल तर पुन्हा मुकादमाच्याच दारात जावं लागतं. पण खासगी पॉलिसीला गटाचे पैसे देण्याआधी आपल्या हक्काचं काय आहे ते आधी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा खर्च सरकार उचलतं. पूर्वी तिची मर्यादा कुटुंबाला दीड लाख रुपये होती आणि ती मुख्यतः पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेसाठी होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती पाच लाख झाली आणि पांढरी शिधापत्रिकाही त्यात आली. जोडलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठायचं. कुणी वरून पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करायची. आणि तुमची टोळी कर्नाटकात जाणार असेल, तर निघण्याआधी विचारून घ्या. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत नाव असलं तर राज्याबाहेरच्या जोडलेल्या दवाखान्यातही उपचार मिळतात. त्यासाठी १४५५५ हा नंबर आहे.

एजंट जी पॉलिसी दाखवतो तिच्यात काय मिळणार याची पानं रंगीत असतात. काय मिळणार नाही ते बारीक अक्षरात असतं, आणि आपण वाचायचं ते तेच. उदाहरणादाखल 'आरोग्य संजीवनी' घ्या. ही २०२० पासून सर्व कंपन्यांना एकाच साच्यात विकावी लागलेली पॉलिसी. तिच्यात बाळंतपण नाही. हर्निया, पिशवीचं ऑपरेशन अशा यादीतल्या उपचारांना पहिली दोन वर्षं पैसे नाहीत. मंजूर झालेल्या बिलातलेही पाच टक्के आपले. घरातली बाई ज्यासाठी दवाखान्यात जाते, नेमकं तेच वगळलेलं किंवा लांबवलेलं, आणि पॉलिसीला नाव मात्र 'फॅमिली'! आधीचा आजार लपवून फॉर्म भरू नका, एजंट आग्रह करील तरीही नाही. दावा नाकारला जातो तेव्हा एजंट फोन उचलत नाही. कंपनीनं अन्याय केला तर पुण्याला विमा लोकपालाचं कार्यालय आहे, तिथं फी लागत नाही.

अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेनं १९९२ पासून आपल्या सभासदांसाठी विमा चालवला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथं मुख्य सभासद बाई. नवऱ्याला विमा हवा असेल तर तो तिच्यामार्फत. आपल्याकडे कोयता म्हणजे जोडपं, पण पैसे मुकादम मोजतो ते नवऱ्याच्या हातात, विम्यातही तसंच. 'सेवा'च्या अनुभवातून आणखी एक गोष्ट पुढे आली. त्यांच्याकडेही गर्भाशय काढणं हे दाव्यांचं एक मोठं कारण निघालं, आणि त्यांना बायकांच्या आरोग्यशिक्षणाकडे वळावं लागलं. बाईच्या नावाचा, बाईंच्या संघटनेचा विमा असूनही हे घडलं. तेव्हा गटात पॉलिसीची चर्चा कराल तेव्हा त्याच बैठकीत पिशवीबद्दलही बोला. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय ऑपरेशन नाही, हे ठरवून टाका. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, एसटीचं तिकीट पिशवीपेक्षा स्वस्त आहे. २०१९ नंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन घातलं गेलं. ती घेतली का, हे विचारायला घाबरू नका.

एक अडचण मात्र कार्डाच्या आधीची आहे. माझ्याकडे येणाऱ्या टाकलेल्या बायकांची नावं अजून नवऱ्याच्याच शिधापत्रिकेवर असतात. एकीला गेल्या वर्षी दवाखान्यात कार्ड मागितलं. ते सासरी होतं, आणि नवऱ्यानं दिलं नाही. भावानं व्याजानं पैसे काढले. अशा बायकांची शिधापत्रिका वेगळी झाल्याशिवाय त्यांच्यासाठी पाच लाखांची योजना नुसती कागदावर आहे. टोळ्या निघायच्या आत हे अर्ज तहसीलच्या पुरवठा विभागात गेले पाहिजेत. आज जाताना आपापल्या गावातल्या अशा बायांची नावं इथं लिहून द्या, आणि सोमवारी तहसीलला कोण कोण येणार तेही सांगा.