प्रत्येक शहरात एक हट्ट: दोघांची उत्तर अमेरिका



आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवला होता: दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेतली शहरं बघायची, तर कशी? मी आणि माझा नवरा ऑक्टोबरमध्ये सोळा दिवस फिरून आलो. वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, मॉन्ट्रियल आणि टोरोंटो. दोन देश, चार शहरं. हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "सोळा दिवसांत फक्त चार? आमच्या ओळखीच्यांनी बारा दिवसांत नऊ केली!"

मला आज या "केली" शब्दाबद्दलच बोलायचंय.

पैसे वसूल

आपली अडचण समजण्यासारखी आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा वेगळा, कॅनडाचा वेगळा. दोघांची तिकिटं, दोघांच्या रजा, त्यात डॉलरचा भाव. म्हणजे हा प्रवास आयुष्यात एकदाच होणार, असं मनाने आधीच धरलेलं असतं. मग एकदाच जायचंय तर सगळंच बघू! पैसे वसूल झाले पाहिजेत. इथूनच यादी वाढायला लागते आणि मी सांगते, दोघांची भांडणंही इथूनच सुरू होतात. कारण ती यादी दोघांची नसते. थोडी इन्स्टाग्रामची असते, थोडी आत्याच्या मुलाची, थोडी टूर कंपनीच्या पत्रकातली.

त्यात फोनवरचा नकाशा फसवतो. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को एकाच स्क्रीनवर दिसतात, पण सरळ रेषेत मोजलं तरी त्यांच्यात चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि घड्याळात तीन तासांचा फरक. न्यूयॉर्क ते शिकागो ट्रेनने जायचं तर वीसेक तास लागतात. विमान जलद, पण विमानतळावर जाणं, सुरक्षा तपासणी, सामान, पुन्हा शहरात येणं यात अर्धा दिवस संपतो. नऊ शहरं म्हणजे असे आठ अर्धे दिवस. पैसे नक्की कुठे वसूल झाले मग?

म्हणून निघायच्या आधी आम्ही तीन नियम केले. एक, प्रत्येक शहरात प्रत्येकाचा एक हट्ट. तो का, कशाला, किती वेळ, यावर दुसऱ्याने वाद घालायचा नाही. दोन, प्रत्येक शहरात निदान एक दुपार वेगवेगळं फिरायचं. तीन, प्रत्येकाने एक मोठं नाव सोडायचं. स्वतःच्या यादीतलं, समोरच्याच्या नाही!

तिसरा नियम सगळ्यात जड. नवऱ्याला इमारतींचं वेड. शिकागो म्हणजे त्याची पंढरी. १८७१ च्या आगीत ते शहर जळालं आणि त्यानंतर पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती जिथे सुरुवातीला उभ्या राहिल्या, ते हे शहर. शिवाय १८९३ मध्ये विवेकानंद बोलले तेही शिकागोतच. त्याने शिकागो सोडलं. मी सॅन फ्रान्सिस्को सोडलं, गोल्डन गेट पुलासकट. दोघांनाही वाईट वाटलं. पण उरलेली चारही शहरं ट्रेनने जोडली गेली आणि मधे एकही विमान लागलं नाही.

वॉशिंग्टन: बारा सेकंद आणि एक काळी भिंत

वॉशिंग्टनमध्ये नॅशनल मॉल आहे. मॉल म्हटलं की आपल्याला एसी आणि फूड कोर्ट आठवतं. हा मॉल म्हणजे संसद भवनापासून लिंकन स्मारकापर्यंतचा साधारण तीन किलोमीटरचा हिरवा पट्टा. दोन्ही बाजूंना स्मिथसोनियनची संग्रहालयं, सगळी फुकट. जेम्स स्मिथसन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आपली संपत्ती ज्ञानप्रसारासाठी अमेरिकेला दिली आणि त्यातून १८४६ मध्ये ही संस्था उभी राहिली. गंमत म्हणजे हा माणूस हयातीत कधी अमेरिकेला गेलाच नव्हता.

नवऱ्याचा हट्ट होता विमान आणि अवकाश संग्रहालय. प्रवेश फुकट, पण वेळेचा पास ऑनलाइन आधी घ्यावा लागतो, तो विसरू नका. राइट बंधूंचं १९०३ चं खरं विमान तिथे आहे. पहिलं उड्डाण फक्त बारा सेकंदांचं. तो त्या विमानासमोर किती वेळ उभा होता ते मी मोजलं नाही. नियम म्हणजे नियम!

माझा हट्ट होता व्हिएतनाम युद्धाचं स्मारक. जमिनीत उतरत जाणारी काळ्या, चकचकीत ग्रॅनाइटची भिंत आणि त्यावर अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं. माया लिन हिने हा आराखडा केला तेव्हा ती एकवीस वर्षांची विद्यार्थिनी होती. नावं अकारविल्हे नाहीत, मृत्यूच्या तारखांच्या क्रमाने आहेत. म्हणजे एकाच दिवशी, एकत्र गेलेले शेजारी-शेजारी. लोक कागद लावून पेन्सिलीने नाव उमटवून घेतात. आणि भिंत इतकी गुळगुळीत की नावांच्या मागे स्वतःचाच चेहरा दिसतो. तिथे सेल्फी काढावासा वाटत नाही.

न्यूयॉर्क: एक जोडपं पुलावरचं

वॉशिंग्टनहून न्यूयॉर्क ट्रेनने साडेतीन तासांच्या आसपास. वाटेत फिलाडेल्फिया लागतं. ते नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

न्यूयॉर्कच्या सबवेला घाबरू नका. मुंबईकरांना तर ती दोन दिवसांत कळते, कारण तिथेही फास्ट आणि स्लो असतात. १९०४ पासून चालू आहे, रात्रभर चालते आणि फोन किंवा कार्ड टेकवलं की फाटक उघडतं. स्वातंत्र्यदेवतेच्या बेटावर आम्ही गेलो नाही. त्याऐवजी स्टेटन आयलंडची फेरीबोट घेतली. ही ऑफिसला जाणाऱ्या लोकांची बोट, प्रवास पंचवीस मिनिटांचा, तिकीट नाही. उजव्या बाजूला उभं राहिलं की जाताना पुतळा दिसतो आणि परतताना मॅनहॅटनच्या सगळ्या उंच इमारती समोर येतात. शेजारचा माणूस मात्र डुलक्या काढत असतो, त्याचं ते रोजचंच!

नवऱ्याचा हट्ट ब्रुकलिन पूल. हा पूल मे १८८३ मध्ये खुला झाला. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग. नदीच्या तळाशी, दाबाखालच्या हवेत काम करून तो आजारी पडला आणि अंथरुणाला खिळला. मग त्याची बायको एमिली साइटवर जायला लागली. त्याच्या सूचना पोचवता पोचवता ती गणित शिकली, केबल आणि पोलाद शिकली आणि वर्षानुवर्षं ते काम तिने सांभाळलं. पुलावर तिच्या नावाची पाटी आहे. आम्ही दोघं तिथे उभे होतो आणि मला आठवलं ते दुसरंच एक जोडपं. आपलं, मराठी.

पोकीप्सी: हे नाव कुठल्याच यादीत नाही

पूल खुला झाला आणि जेमतेम दोन आठवड्यांत, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. बरोबर नवरा नाही, घरचं कुणी नाही. गोपाळरावांनीच त्यांना शिकवलं, त्यासाठी हट्ट धरला, प्रसंगी फार कठोरही झाले. पण बोटीने निघाल्या त्या त्यांच्याशिवाय. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

हे आपण शाळेत शिकतो, सिनेमात बघतो. पण त्यांची रक्षा अमेरिकेत आहे, हे किती जणांना माहीत असतं? ज्यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला होता, त्या कार्पेंटर मावशींकडे ती पाठवली गेली आणि त्यांनी आपल्या कुटुंबाच्या जागेत तिचं दफन केलं. न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावात.

हा माझा हट्ट होता आणि वेगळं फिरायची दुपारही मी त्यालाच जोडली. ग्रँड सेंट्रलहून रोजची लोकल जाते, दोन तासांच्या आसपास लागतात. जाताना डावीकडची खिडकी पकडा, जवळजवळ सगळी वाट नदी सोबत असते. स्टेशनवरून टॅक्सी. दफनभूमी मोठी आहे, शांत आहे, झाडं ऑक्टोबरात तांबडी-पिवळी झालेली. दगड साधाच. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरलेत.

तिथे बघण्यासारखं काही नाही, खरंच. दगड, गवत, पानं. मी अर्धा तास बसले. कल्याणची मुलगी, तिचं माहेर-सासर कुठे आणि ही जागा कुठे! मनात एकच आलं: आम्ही दोघं सोळा दिवसांसाठी परतीचं तिकीट काढून आलो होतो, फोनवर रोज आईशी बोलत होतो. तिच्याकडे होती पत्रं, आणि ती पोचायला आठवडे लागायचे.

नवरा त्या दुपारी मॅनहॅटनमध्ये इमारती बघत होता. रात्री जेवताना आधी तो अर्धा तास बोलला, मग मी. सकाळपासून सोबत असतो तर एकमेकांना सांगायला काय उरलं असतं? सोबत फिरणं म्हणजे चोवीस तास चिकटून राहणं नव्हे, हे मला त्या जेवणात पटलं.

मॉन्ट्रियल: पाट्यांची भाषा

दोन दिवसांनी मॉन्ट्रियलची ट्रेन. जवळजवळ पूर्ण दिवसाचा प्रवास आहे, वेळापत्रक आधी तपासा. अल्बनीपर्यंत डावीकडे हडसन, पुढे उजवीकडे लेक शॅम्प्लेन. गाडी पोकीप्सीला थांबली तेव्हा नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, "हेच ना तुझं गाव?" गाडी सुटेपर्यंत तो बाहेर बघत होता.

सीमा ओलांडली की पाट्या बदलतात. फ्रान्समध्येही थांब्याच्या लाल पाटीवर इंग्रजी 'स्टॉप' लिहितात, पण क्युबेकमध्ये फ्रेंच 'आरे'! १९७७ च्या कायद्याने तिथे फ्रेंचला ठाम जागा दिली. पण दुकानात शिरलात की "बोंजूर, हाय" असं दोन्ही एकदम ऐकू येतं आणि तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल तीत बोलणं पुढे जातं. मराठी पाट्यांवरचे आपले वाद आठवणारच.

माझा हट्ट माँ रोयाल टेकडी. तिच्यावरचं उद्यान ओल्मस्टेड यांनी आखलं, ज्यांनी वॉक्स यांच्यासोबत न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्कही केलं. लाकडी जिने चढून गेलात की सगळं शहर पायाशी, फुकटात. नवऱ्याचा हट्ट 'हॅबिटाट ६७': ३५४ काँक्रीटचे डबे एकावर एक रचून केलेली घरं. लोक राहतात तिथे, त्यामुळे बाहेरूनच बघितली. त्याचं शिकागोचं दुःख तिथे थोडं कमी झालं.

टोरोंटो आणि हिशेब

टोरोंटोला ट्रेनने पाच-साडेपाच तास. शहरातले निम्म्याच्या आसपास लोक कॅनडाबाहेर जन्मलेले, त्यामुळे ट्राममध्ये बसलात की कान टवकारून बसा, भाषा मोजता मोजता स्टॉप येतो. माझा हट्ट बेटांवर जाणारी फेरी, संध्याकाळची. ५५३ मीटरच्या सीएन टॉवरवर चढण्यापेक्षा पाण्यावरून तो दिसतो छान. नवऱ्याचा हट्ट नायगरा, एका दिवसात जाऊन येता येतं. कॅनडाच्या काठावरून घोड्याच्या नालेसारखा मोठा धबधबा थेट समोर असतो. बोटीत रेनकोट देतात, तरी भिजताच!

पैशांचं थोडक्यात. दोन्ही देशांत पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो काउंटरवर वाढतो. बसून जेवायच्या हॉटेलात वर अठरा-वीस टक्के टिप. हे दोन्ही आधीच बजेटमध्ये धरा, म्हणजे रोज बिल आल्यावर चेहरे पडणार नाहीत.

आता खरा हिशेब. शिकागो राहिलं, सॅन फ्रान्सिस्को राहिलं, आणि ते कधी होईल सांगता येत नाही. कदाचित होणारही नाही. ते मान्य करणं सोपं नाही, पण मोठ्या प्रवासाचं प्लॅनिंग म्हणजे मुळात तेच आहे. काय बघायचं हे कुणीही सांगेल, रील्स सांगतील. काय सोडायचं हे मात्र तुम्हा दोघांनाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना समोरच्याला नेमकं काय हवंय ते कळतं. कधी कधी लग्नाला पाच वर्षं झाल्यावर पहिल्यांदा.

तर या रविवारी एक करा. दोन कागद घ्या, फोन बाजूला ठेवा. प्रत्येकाने आपला एक हट्ट आणि एक त्याग लिहा, मग कागद बदला. तिकीट नंतर बघू. अमेरिका नसेल तर हंपीसाठी करा, गोव्यासाठी करा. कागदावर काय निघालं ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर फिरत राहा, भांडलात तर लवकर मिटवा!