सासूबाईंच्या तबकड्या

लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत सासूबाईंचा रेकॉर्ड प्लेअर होता. बटण दाबलं की सुईचा दांडा आपोआप उठायचा, आपोआप परत यायचा. पण आत दातेरी चाकं फार. ग्रीस वाळलं की दांडा अडायचा. पट्टा सैलावला की तबकडी हळू फिरायची आणि हिराबाई बडोदेकरांचा आवाज पार जाडा व्हायचा. दर दुरुस्तीला पैसे जायचे. शेवटी सासूबाईंनी गाणी लावायचंच सोडलं.

मग मी भिशीच्या पैशातून साधा प्लेअर घेतला. एक मोटर, एक रबरी पट्टा, एक दांडा. दांडा हातानं ठेवायचा, हातानंच उचलायचा. पट्टा मीच बदलते, सुई मऊ ब्रशनं पुसते. पहिली तबकडी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्या खऱ्या हिराबाई!"

एक लक्षात ठेवा. घरात मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी, लाखेची तबकडी असेल तर तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते. नेहमीच्या सुईनं ती वाजवू नका.

मिक्सर घ्या, शिलाई मशीन घ्या, दुकानात आधी विचारा: बिघडलं तर यातलं मला स्वतःला काय बदलता येईल?