पत्ता आहे, पण कुणाचा?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी आपल्याशी एका आकड्याविषयी बोलणार आहे. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला आणि मोबाईलला हा आकडा मिळालेला असतो. आपण तो क्वचितच पाहतो; पण पोलिसांना, बँकांना आणि ठगांना मात्र त्यात फार रस असतो. या आकड्याचं नाव आयपी अॅड्रेस. वर्तमानपत्रात आपण वाचतो, 'आयपी अॅड्रेसवरून आरोपीचा माग काढला.' वाचताना असं वाटतं की, प्रत्येक माणसाच्या कपाळावर एकेक आकडा गोंदलेला आहे आणि तो सापडला की माणूस सापडला. तसं नसतं. कसं असतं, ते आपण आपल्याच संगणकावर पाहू.

आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, अर्थात संगणकांनी एकमेकांकडे माहिती पाठवण्याचे नियम. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्याने हे नियम स्वीकारले आणि तेच पुढे जगभर पसरले. या नियमांतला पत्ता चार आकड्यांचा. मधे टिंबं आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. असे एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. त्या काळी ही संख्या अफाट वाटली असेल. पण ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले.

मग आज घरोघरी चार-चार यंत्रं चालतात ती कशी? त्याचं उत्तर आपल्या चाळींमध्ये आहे. प्रत्येक चाळीत 'खोली नंबर ५' असते. हजार चाळींत हजार खोल्या नंबर ५, तरी कुणाचा गोंधळ होत नाही, कारण पोस्टमनला आधी चाळीचा पत्ता लागतो. इंटरनेटवरही तसंच. १९९४ साली काही आकडे 'घरातल्या घरात' वापरण्यासाठी राखून ठेवले गेले. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे झाले खोल्यांचे नंबर. चाळीचा पत्ता असतो आपल्या राउटरकडे, म्हणजे भिंतीवर दिवे लुकलुकणाऱ्या त्या डबीकडे. कुठल्या खोलीने काय मागवलं, याची नोंद ती डबी ठेवते आणि आलेला माल बरोबर त्या खोलीत पोचवते.

हे पडताळून पाहायचं असेल तर विंडोजच्या संगणकावर स्टार्ट दाबा, सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करा आणि एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात 'आयपीकॉन्फिग' असं इंग्रजीत लिहून एंटर मारा. तिथे बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसेल. शेजाऱ्यांकडेही कदाचित तोच दिसेल. घाबरू नका, ती आपापल्या चाळीतली खोली नंबर ५ आहे.

आता खरी गंमत. त्याच खिडकीत इंग्रजीत 'नेटस्टॅट' लिहा, मधे जागा सोडा, एक आडवी रेघ द्या आणि तिला चिकटून ए, एन, ओ ही अक्षरं लिहा. एंटर मारताच आकड्यांची रांग धावू लागेल. आपला संगणक या क्षणी कुणाकुणाशी जोडलेला आहे, त्याची ही यादी.

या यादीत पाच रकाने असतात. पहिल्यात बोलण्याची पद्धत, टीसीपी किंवा यूडीपी. दुसऱ्यात आपला पत्ता, तिसऱ्यात पलीकडचा. पत्त्याच्या शेवटी अपूर्णविराम देऊन आणखी एक आकडा असतो, तो पोर्ट. रेल्वे स्टेशनवर जशा तिकिटांच्या, आरक्षणाच्या, चौकशीच्या वेगवेगळ्या खिडक्या असतात, तशी ही खिडकी. ४४३ म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांची, ८० म्हणजे साध्या संकेतस्थळांची. चौथ्या रकान्यात जोडणीची अवस्था. 'लिसनिंग' म्हणजे खिडकी उघडून कुणीतरी बसलंय, गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे बोलणं चालू आहे. 'टाइम वेट' म्हणजे बोलणं संपलंय, दार लोटायचं बाकी आहे. अनेक ओळींत १२७.०.०.१ दिसेल, तो संगणकाचा स्वतःशी चाललेला संवाद. शेवटच्या रकान्यातला आकडा सर्वांत उपयोगाचा. ही जोडणी कुठल्या प्रोग्रॅमने केली, ते त्यावरून कळतं. टास्क मॅनेजर उघडून तोच आकडा शोधा, प्रोग्रॅमचं नाव मिळेल.

आता तिसऱ्या रकान्याकडे पुन्हा वळू, कारण लोकांचे पैसे बुडाले आहेत ते याच रकान्यापायी. त्याच्यावर मथळा असतो 'फॉरेन अॅड्रेस'. इथे फॉरेनचा अर्थ फक्त 'पलीकडचा'. खोलीतल्या प्रिंटरशी जोडणी असली तरी तीही याच मथळ्याखाली येते. पण ठग या शब्दाचा पुरेपूर फायदा घेतात. फोन येतो, 'आम्ही अमुक कंपनीच्या तांत्रिक विभागातून बोलतोय, तुमच्या संगणकात बिघाड आहे.' मग ते आपल्याच हातून ही यादी उघडायला लावतात. 'पाहिलंत? हे सगळे परदेशी लोक तुमच्या संगणकात शिरलेत!' समोर वीस-तीस अनोळखी आकडे धावत असतात, माणूस गडबडतो, संगणकाचा ताबा त्यांच्या हाती देतो आणि खातं रिकामं होतं. ही युक्ती अमेरिका, इंग्लंडमधल्या वृद्धांवर वर्षानुवर्षे चालवली गेली आणि सांगायला खेद वाटतो, तिची अनेक कॉल सेंटर आपल्याच देशात पकडली गेली.

खरं म्हणजे बातम्यांचं एखादं पान उघडलं तरी डझनभर जोडण्या तयार होतात. चित्रं एकीकडून येतात, जाहिराती दुसरीकडून. शिवाय मोठी संकेतस्थळं दुसऱ्यांच्या भाड्याच्या यंत्रांवर चालतात, त्यामुळे पत्ता शोधला तर भलत्याच कंपनीचं नाव निघतं. म्हणून आकडा अनोळखी आहे, एवढ्यावरून संशय घेऊ नये. न ओळखीचा प्रोग्रॅम, सगळं बंद असतानाही, पुन्हा पुन्हा बाहेर बोलतोय असं दिसलं तर मात्र जाणकाराला दाखवावं. आणि हेही ध्यानात असू द्या की, चलाख व्हायरस या यादीतून स्वतःचं नाव लपवूही शकतो. यादी स्वच्छ दिसली म्हणजे संगणक निरोगी असल्याचा दाखला मिळाला, असं नाही.

हे झालं आतून पाहणं. आता रस्त्यावरून चाळीकडे पाहू. बाहेरच्याला दिसतो फक्त चाळीचा पत्ता आणि तोही बहुतेक घरांना कायमचा मिळालेला नसतो. राउटर बंद करून चालू केला की तो बदलू शकतो आणि जुना दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो. मोबाईल इंटरनेटवर तर एकाच वेळी अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. म्हणजे चाळींची चाळ. तिथे माणूस शोधायचा तर पत्ता, नेमकी वेळ आणि पोर्टचा आकडा, तिन्ही लागतात.

यातलं काही चुकलं तर काय होतं? ऑगस्ट २००७ मध्ये, आता बंद झालेल्या ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारं चित्र टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. पुरावा होता आयपी अॅड्रेस. पुढे उघड झालं की, इंटरनेट कंपनीने त्या पत्त्यासमोर दिलेलं नावच चुकीचं होतं. तोवर त्या तरुणाचे सुमारे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते.

दुसरं उदाहरण पुढच्याच वर्षीचं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ई-मेल गेला होता. पत्त्याचा माग नवी मुंबईत, एका अमेरिकी नागरिकाच्या घरी पोचला. या वेळी पत्ता बरोबर होता, पण माणूस तो नव्हता. त्याच्या वाय-फायला पासवर्डचं संरक्षण नव्हतं आणि त्याचा फायदा दुसऱ्याच कुणीतरी घेतला होता.

पहिल्या प्रकरणात वहीतलं नाव चुकलं, दुसऱ्यात दार उघडं राहिलं. दोन्ही वेळा आकड्याने एवढंच सांगितलं होतं की, अमुक वेळी अमुक जोडणीतून हा मजकूर निघाला. कळफलकावर बोटं कुणाची होती, हे आकडा सांगू शकत नाही. ते माणसांनी शोधायचं असतं.

त्यातही वेळेचं महत्त्व फार. परदेशी सर्व्हरच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. नोंदीत ५ तारखेचे रात्रीचे ८ दिसले, तर आपल्याकडे ६ तारखेचे पहाटेचे दीड वाजलेले असतात. हे साडेपाच तास मोजायचे राहिले तर तो पत्ता तोवर भलत्याच घरी गेलेला असू शकतो. म्हणूनच सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत इंटरनेट कंपन्यांना सांगितलं की, आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवून ठेवा आणि नोंदी १८० दिवस जपा.

नकाशावर पत्ता शोधून देणाऱ्या सेवांवरही आंधळा विश्वास नको. अशाच एका कंपनीने, नेमका ठिकाणा ठाऊक नसलेले अमेरिकेतले ६० कोटींहून अधिक पत्ते देशाच्या मध्याजवळच्या एकाच बिंदूवर ठेवून दिले होते. तो बिंदू पडला कान्सास राज्यातल्या एका शेतघरावर. तिथे वर्षानुवर्षे पोलीस आणि फसवले गेलेले संतप्त लोक येऊन थडकत राहिले. २०१६ साली प्रकार उजेडात आल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला!

तेव्हा श्रोतेहो, तीन गोष्टी करा. एक, वाय-फायला चांगला पासवर्ड ठेवा आणि तो गल्लीभर वाटू नका, कारण बाहेर कुणी काही केलं तरी वहीत नाव आपलं लागतं. दोन, फोनवरच्या कुणीही ही यादी दाखवून भीती घातली तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. तीन, 'आयपी अॅड्रेस सापडला' अशी बातमी वाचली की मनाशी दोन प्रश्न विचारा, कुठल्या वेळचा आणि त्या जोडणीवर कोण कोण होतं? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत कुणाला गुन्हेगार ठरवण्याची घाई करू नका.