ओढणे आणि आवरणे

एक वाहन दुसऱ्याला जोडावयाचे झाले की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो शक्तीचा. पुढच्याला मागचे ओढवेल काय? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो दुय्यम होय. ओढणे पुष्कळदा जमून जाते. खरी परीक्षा होते ती आवरण्याच्या वेळी.

ब्रिटनमध्ये मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून सुट्टीला निघण्याची चाल फार रूढ आहे. तेथे नवशिक्याला असे सांगतात की, भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या शेकडा ८५ च्या आत ठेवावे, मग इंजिन कितीही जोरकस असो. दुसरी गोष्ट आकड्याची. आकड्यावर कॅराव्हॅनच्या एकंदर वजनाचा शेकडा पाच ते सात इतका भार पडला पाहिजे. तो कमी पडला, तर वेगात मागचा भाग डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि ते झोके एकदा वाढू लागले की पुढची मोटारही त्यांत ओढली जाते.

आपल्याकडे कॅराव्हॅन क्वचितच दृष्टीस पडते; पण हे शास्त्र आपल्याला परके नाही. बैलगाडी मागे जड भरली की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोते बैलांच्या गळ्याला काचू लागते. पुढे जड भरली, तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर बसते. म्हणून जाणता गाडीवान बैल जुंपण्यापूर्वी जू हाताने उचलून पाहत असे. ब्रिटिश प्रवासी जे काम छोट्या तराजूने करतो, तेच हा आपल्या तळहाताने करी.

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे अशा कारखान्यांचे जाळे पसरले, आणि बैलगाड्यांच्या जोडीला ट्रॅक्टर व त्यामागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या आल्या. येथे मात्र गाडीवानाचे शहाणपण मागे राहिले. बैल थकला की थांबतो; इंजिन तक्रार करीत नाही. सुमारे दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे पंधरा-वीस टनांचा ऊस सहज हलतो, आणि हलला म्हणजे झेपला, असे मानले जाते. ट्रॅक्टर सावकाश चालतो, तेव्हा ब्रिटनचे प्रमाण त्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाही हे खरे. परंतु त्यामागचे कारण तेच राहते. ब्रेक बहुधा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीला पुष्कळदा मुळीच नाहीत. दोन टन थोपविणाऱ्या त्या दोन चाकांनी वीस टन थोपवायचे! त्यातही वेग ताशी २० वरून ४० किलोमीटर झाला, तर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

भाराची उंचीही पाहिली पाहिजे. मोहन नगरासारख्या वस्त्या ज्या भिलाई-दुर्ग पट्ट्यात आहेत, तेथून जाणाऱ्या नागपूर-रायपूर रस्त्यावर पोलादाने लादलेले लांबलचक ट्रेलर दिसतात. पोलाद अतिशय जड, परंतु पत्रे रचले तर ते तळाशी बसतात. तेथे भीती असते ती साखळदंड सैल पडून माल पुढे सरकण्याची. ऊस त्यामानाने हलका, म्हणून तो उंच रचावा लागतो. गुरुत्वमध्य वर चढतो, आणि रस्त्याच्या कडेच्या खचक्यात एक चाक उतरले तरी ट्रॉली कलंडते.

हा भार रचतो कोण? ट्रॅक्टरचालक नव्हे. फडातील ऊसतोड कामगार डोक्यावर मोळ्या घेऊन शिडीने वर चढतात, आणि मोळी जेथे सोयीची वाटेल तेथे पडते. मजुरी टनावर, वाहतुकीचे भाडेही टनावर. मग आणखी दहा मोळ्या टाकू नयेत असे कोणाला वाटावे? कित्येकदा तेच कामगार, बायकामुलांसह, त्याच उसावर बसून रात्रीची वाट चालतात. कारखान्याच्या दारातील वजनकाट्यावर भाराचा पहिला हिशेब होतो, तेव्हा प्रवास संपलेला असतो.

ट्रॉली दोन चाकांची असेल, तर भरणी आखाभोवती सुरू करावी आणि आकड्यावर थोडा दाब राहील इतके झुकते माप पुढच्या बाजूस द्यावे. अति पुढे भरली, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते. ओढण्याचा आकडा मागच्या आखाच्या वर बांधला, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंडच उचलले जाते; कित्येक चालक त्याखाली सापडले आहेत. दोन ट्रॉल्यांपैकी जड ती पुढे असावी. आकड्याच्या खिळीला अडसर आणि जोडीला साखळी हवी. मागे लाल परावर्तक पट्ट्या हव्यात, कारण अंधारात थांबलेला ऊस मागून येणाऱ्याला रस्त्यासारखाच काळा दिसतो.

उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर घालावा. मध्यावर तो बदलण्यासाठी क्लच दाबला की इंजिनाचा आवर सुटतो. मग ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढीत नाही, ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते, आणि वळण आले की ती त्याला बाजूने गाठते.