बर्फाच्या पोटातील नोंदवही



इल्मची किंमत कोण मोजतो, याचे एक उदाहरण आज आपणापुढे ठेवतो. १९३० साली जर्मन शास्त्रज्ञांनी ग्रीनलंडच्या मध्यभागी, सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या हिमपठारावर एक छावणी उभारली. तिचे नाव ‘आइसमिटे’, म्हणजे बर्फाचा मध्य. पश्चिम किनारा चारशे किलोमीटर दूर. राहण्याचे घर पोचले नाही, बिनतारी यंत्रही आले नाही. तेव्हा गेओर्गी आणि झोर्गे या दोघांनी बर्फातच खोली कोरली आणि बर्फाच्याच ओट्यांवर अंथरूण घातले.

मोहिमेचे प्रमुख आल्फ्रेड वेगेनर. खंड सरकतात हा विचार मांडणारे तेच. कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ते ३० ऑक्टोबरला छावणीत पोचले, पण बहुतेक सामान वाटेतच सोडावे लागले होते. सोबतच्या ल्योवे यांची पायाची बोटे गोठली होती. डॉक्टर नव्हता, गेओर्गींनी खिशातल्या चाकूने ती कापली. पाच जणांना पुरेल इतके अन्न नव्हते. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रास्मुस विलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुणासह परत निघाले. वाटेत वेगेनर वारले. विलुमसेनने त्यांना नीट दफन केले, खूण म्हणून स्की रोवल्या आणि तो पुढे निघाला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

छावणीतल्या तिघांना हे मे १९३१ पर्यंत कळले नाही. बाहेर पारा शून्याखाली साठ अंशांच्याही खाली जाई, दोन महिने सूर्य नव्हता, रॉकेल मोजून जाळावे लागे. तरीही रोज तीन वेळा हवामानाच्या नोंदी होत राहिल्या. झोर्गेंनी पंधरा मीटर खोल खड्डा खणून बर्फाचे थर तपासले. सुटका करणारे आले, तरी गेओर्गी वर्षाच्या नोंदी पुऱ्या करण्यासाठी थांबले. हिमपठाराच्या मध्यावरील संपूर्ण हिवाळ्याची माहिती जगाला प्रथमच मिळाली.

विद्यार्थ्यांनो, त्या वहीतला एकेक आकडा क्षुल्लक होता. सलग लिहिला म्हणून त्याचे ज्ञान झाले. तुमचा रोजचा अभ्यासही तसाच आहे. परीक्षेपुरती वही उघडून भागत नाही.

आणि पालकहो, नोंदी करणाऱ्यांइतकाच शिधा पोचवणाऱ्याचाही त्या विद्येत वाटा असतो. विलुमसेनचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या घरातही पोटाला चिमटा घेऊन फी भरणारे हात असेच अनाम असतात. मुलाला, आणि मुलीलाही, निम्म्या वाटेवरून परत बोलावू नका. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्ड बेटांवर आपल्या देशाचे ‘हिमाद्रि’ संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील नोंदवहीत उद्या आपल्या शाळेतील एखादे नाव असावे, ही अल्लाहपाशी दुआ. खुदा हाफिज.