वाढतें शहर आणि आमच्या शाळेचे बाक

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त शाळेच्या पटांगणांत भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीचें वर्ष हें आनंदाचें तसेंच हिशेबाचेंही वर्ष होय. प्राचीन काळीं इस्राएल लोकांत पन्नासाव्या वर्षीं ज्याची भूमि त्यास परत करण्याचा नियम होता. आपणांपाशीं दुसऱ्याचें काय राहिलें आहे, हें त्या वर्षीं प्रत्येकानें पाहावयाचें असे. आज आम्हीही तसाच एक हिशेब आपणांपुढें मांडणार आहों. तो देवळाच्या शिखराचा किंवा नव्या घंटेचा नव्हे. तो आमच्या शाळेच्या बाकांचा आहे.

१८६७ सालीं विरारहून मुंबईस पहिली लोकलगाडी सुटली. पुढें कित्येक पिढ्या आपले वाडवडील पहांटेच्या गाडीनें विड्याचीं पानें, केळीं, फुलें व भाजीपाला मुंबईस नेत आणि दुपारीं रिकाम्या टोपल्या घेऊन परत येत. ती गाडी आपला माल मुंबईस पोंचवीत असे. आतां तीच गाडी मुंबईचीं माणसें आपल्या दारीं आणून सोडते.

हें कसें घडलें तें आंकड्यांवरून दिसेल. बृहन्मुंबईची वस्ती १९५१ सालीं सुमारें ३० लक्ष होती. २०११ सालीं ती १ कोटि २४ लक्ष झाली. परंतु ही वाढ सर्वत्र सारखी झाली नाहीं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटावर १९८१ सालीं सुमारें ३३ लक्ष लोक राहत होते. २०११ सालीं ते ३१ लक्षांहूनही कमी झाले. म्हणजे शहराचें पोट भरून गेल्यावर त्याचें हृदय रिकामें होऊं लागलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. त्यांच्या जमिनींवर पुढें उंच इमारती उभ्या राहिल्या व तेथें कामगाराच्या लेंकराला खोली घेणें अशक्य झालें. तो बिऱ्हाड घेऊन उत्तरेकडे निघाला आणि जेथें भाडें परवडलें तेथें, नालासोपारा-विरारकडे, उतरला. ३ जुलै २००९ रोजीं स्थापन झालेल्या आपल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत २०११ सालीं १२ लक्ष २२ हजार माणसें मोजलीं गेलीं.

आतां कोणी म्हणेल, माणसें वाढलीं तर शाळा भरल्या पाहिजेत. मग आमच्या मराठी वर्गांतले बाक रिकामे कां? बंधुहो, येथेंच विचाराची गरज आहे. वस्ती वाढणें आणि मुलें वाढणें या दोन गोष्टी एक नव्हेत. महाराष्ट्रांत १९९२-९३ च्या पाहणींत एका स्त्रीमागें सरासरी २.९ अपत्यें होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत तीं १.७ वर आलीं. पिढी तेवढीच टिकून राहावयास २.१ लागतात. आपल्या जुन्या वाड्यांतून फिरतांना हें आम्हांस रोज दिसतें: ज्या ओटीवर एके काळीं सहा भावंडें रोझरीला बसत, तेथें आज एकच नातू आजीशेजारीं बसलेला असतो. तोही सकाळीं बसमध्यें चढून इंग्रजी शाळेस जातो. इकडे हें, आणि रेल्वेच्या पलीकडे नव्या चाळींत दहा बाय दहाच्या खोलींत तीन तीन मुलें, आणि जवळ शाळा नाहीं. एकीकडे बाक आहेत, मुलें नाहींत. दुसरीकडे मुलें आहेत, बाक नाहींत. मधें अंतर फार तर दोन मैलांचें. तें अंतर पायांचें नसून मनाचें आहे.

हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्याकरितां म्हणत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं जून महिन्यांत धुणींभांडीं करणारी एक बाई आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्या कचेरींत आली. आम्हीं जन्माचा दाखला मागितला, तो नव्हता. राहण्याचा पुरावा मागितला, तोही नव्हता. ‘कागद घेऊन या, बाई,’ असें सांगून आम्हीं तिची बोळवण केली. त्या दिवशीं पहिलीच्या वर्गांत अकरा जागा मोकळ्या होत्या. पुढच्या पावसाळ्यांत तीच मुलगी एका बांधकामापाशीं धाकट्या भावास मांडीवर घेऊन बसलेली आम्हीं पाहिली. दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां तेथें गेलों, तों बिऱ्हाड हललें होतें. त्या मुलीचें नांवही आम्हीं विचारून ठेविलें नव्हतें. ज्युबिलीच्या हिशेबांत ती बाकी आमच्या नांवावर आहे.

२००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि वयाचा दाखला नाहीं म्हणून प्रवेश नाकारूं नये, असेंही त्यांत स्पष्ट सांगितलें. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्यकांच्या शाळा या कायद्यांतून वगळण्याचा निकाल दिला. बंधुभगिनींनो, ज्या सवलतीनें आपली शाळा आपल्या हातीं राहते ती सवलत मौल्यवान आहे. परंतु ती दार लावून घेण्याकरितां दिलेली नाहीं. जेथें कायद्याची सक्ति नाहीं, तेथें सदसद्विवेकाची सक्ति अधिक असते.

‘आपल्या पूर्वजांनीं घाम गाळून उभारलेली शाळा परक्यांच्या मुलांस कां?’ असा प्रश्न आम्हांस मिस्सेनंतर विचारण्यांत आला आहे. विचारणारे आमच्याच प्रेमाचे लोक आहेत. त्यांस आमचें एकच उत्तर: आपल्या घरचे किती तरुण आखातांत, कानडांत, ऑस्ट्रेलियांत आहेत? त्यांचीं मुलें तेथें कोणाच्या बाकांवर बसतात? तेथें त्यांस कोणीं जागा करून दिली म्हणूनच ना तुम्ही निश्चिंत झोंपतां?

भाषेविषयींही दोन शब्द बोलतों. इंग्रजी शाळेंत मूल घालणाऱ्या आईबापांस आम्ही अपराधी समजत नाहीं. पोट आणि नोकरी यांची चिंता खरी आहे. परंतु शाळेची भाषा बदलली म्हणून घराची भाषा कां बदलावी? फादर थॉमस स्टीफन्स या परदेशी पाद्रीनें मराठींत रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. आणि आपल्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबाद, आतांचें धाराशिव, येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चारशें वर्षांची ही वाट आपल्या नातवंडांपाशीं येऊन थांबावी काय?

आतां करावयाचें काय तें सांगून भाषण आटोपतों. २०११ नंतरची शिरगणती २०२१ सालीं व्हावयाची ती महामारीमुळें राहिली, आणि पुढील गणतीस १ मार्च २०२७ ही तिथि ठरविण्यांत आली. सरकारची गणती होईल तेव्हां होवो. आपली गणती एका महिन्यांत होऊं शकते. प्रत्येक वाडींतून दोन तरुण व दोन भगिनी निघाव्यात, त्यांनीं रेल्वेपलीकडच्या चाळींतही जावें, आणि तीन ते चौदा वर्षांचें कोणतें मूल कोणत्या शाळेंत जातें, किंवा मुळींच जात नाहीं, तें लिहून आणावें. जातधर्म विचारूं नये. दुसरें, येत्या जूनपासून आमच्या शाळेंत मूल आधीं वर्गांत बसेल आणि कागद मागाहून येतील. ही जबाबदारी आम्ही स्वतः घेतों. तिसरें, धर्मग्रामाचें सभागृह लग्नांवांचून रिकामें असतें. तें रोज सायंकाळीं सहा ते आठ अभ्यासासाठीं उघडें राहील. आमच्या निवृत्त गुरुजींनीं व बाईंनीं आळीपाळीनें तेथें बसावें, एवढीच विनंति. चवथें, प्रत्येक घरांत रात्रीं अर्धा तास मराठी वाचन व्हावें. आजोबांनीं वाचावें, नातवानें ऐकावें, मग नातवानें वाचावें.

यांत फार मोठा खर्च नाहीं. आजच्या रोषणाईहून तो कमीच होईल. पुढच्या ज्युबिलीस येथें उभे राहणारे धर्मगुरु आम्ही नसूं. त्यांच्या हातीं हिशेबाची वही जाईल तेव्हां तींत रिकाम्या बाकांची संख्या नसून मुलांचीं नांवें असावींत, एवढेंच आमचें मागणें आहे. परमेश्वर आपणां सर्वांस, आणि जिचें नांव आम्हीं विचारलें नाहीं त्या मुलीसही, सुखी ठेवो.