चित्र अडतंय, की आवाज?

वेरूळच्या कैलास लेण्याचा व्हिडिओ संगणकावर लावला आणि तो मध्येच अडला, की आपण इंटरनेटला दोष देतो, नाहीतर नवा संगणक घ्यायला निघतो. खिशात हात घालण्याआधी नक्की काय अडतंय ते पाहावं.

चित्र आणि आवाज दोन्ही थांबून चक्र फिरू लागलं, तर इंटरनेट कमी पडतंय. दर्जाच्या यादीतून १०८० ऐवजी ४८० निवडा. गुलमंडीतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात वाय-फाय क्षीण होतं; तिथे राउटरची केबल थेट संगणकाला जोडून बघा.

आवाज सुरळीत, पण चित्र धक्के खात असेल, तर संगणक दमलाय. नको असलेले प्रोग्रॅम बंद करा. आपल्याकडच्या मे महिन्यात, त्यातून पंख्यावर धूळ साचलेली असली, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो.

पानच उघडत नसेल, तर स्क्रीनवरची तारीख पाहा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं नाकारतो. सेल स्वस्तात मिळतो.

फ्लॅश मागणारे जुने धडे मात्र ब्राउझरमध्ये चालणार नाहीत. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअर बंद केला. आता कोणी तो उतरवून घ्या म्हटलं, तर घेऊ नका. त्या नावाखाली व्हायरस येतात.

दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आलीच, तर नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. काय थांबतं आणि काय चालू राहतं, ते सांगा.